खेळ सोडते म्हणते, सोडू द्यावं का?

"मॅडम, इतकी वर्षं पहाटे उठून मुलीला धावण्याच्या सरावाला मैदानावर नेलं. आता म्हणते, खेळ सोडते. जबरदस्ती करावी का?"

ठाण्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांची मुलं बहुधा नववीतली असतात. दहावी तोंडावर, म्हणून सगळे अभ्यासाकडे बोट दाखवतात. या आईचंही तेच. बाबांचा हिशेब वेगळा: "अजून थोडं ओढ, दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात."

मुलगी एकटी बसली तेव्हा "का सोडतेस?" असं मी विचारलं नाही. त्याला "कंटाळा आला" हे ठरलेलं उत्तर येतं. दादोजी कोंडदेव स्टेडियमवरचा सरावाचा दिवस पहिल्यापासून सांग म्हटलं. वॉर्मअपपर्यंत रंगात आली होती, मग एकदम म्हणाली, "पण आता माझी रेसच नाहीये."

शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. 600 मीटर ही चौदाखालच्यांची शर्यत. सतराखाली गेलं की ती नाही. 400 धावा, नाहीतर 800. हिची हुकमी शर्यत नेमकी 600 ची. गट बदलला आणि 800 परस्पर ठरलं. बरोबरीच्या दोघी क्लास लागले म्हणून यायच्या बंद झाल्या, उरल्या त्या मोठ्या ताया. त्यात भर म्हणजे परतताना स्कूटरवर, घोडबंदर रोडचे सिग्नल संपेपर्यंत बाबांचं टायमिंगपुराण. "मी हेल्मेटमधून नुसतं हं हं करते," ती म्हणाली.

माणूस एखादी गोष्ट आपणहून का करत राहतो, याचा अभ्यास एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी केला. त्यांनी तीन गरजा मांडल्या: आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि आपली माणसं असणं. हिच्या तिन्ही एकाच हंगामात हातच्या गेल्या होत्या. अभ्यासाचं कारण सोयीचं, कारण त्यावर घरात कुणी वाद घालत नाही.

ठरलं ते असं: सोडायचं की नाही ते हंगाम संपल्यावर बघू. तोवर 400 की 800 हे ती ठरवेल आणि सरांशी तीच बोलेल. स्कूटरवर शर्यतीचा विषय तिने काढला तरच. "मग बोलायचं काय?" असं बाबांनी अगदी मनापासून विचारलं. बापलेकीत दुसरा विषयच उरला नव्हता!

प्रशिक्षक मारत असेल, अंगचटीला येत असेल, वजनावरून टोमणे मारत असेल, दुखापतीत पळवत असेल, तर मात्र हंगामाबिंगामाची वाट बघू नये. त्याच दिवशी बंद. हिला मी ते आधीच एकटीला विचारून घेतलं होतं.

तिने 400 निवडली. जिल्हा स्पर्धेत अंतिम फेरी हुकली. हंगामानंतर तिने सराव निम्म्यावर आणला, सोडला नाही. वाढीव गुणांचा विषय बाबा अजून अधूनमधून काढतात, पण आता माझ्याकडे.