भोंडल्यातली सून कथेत घ्यायची तर

'कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा' या गाण्यातली सून नव्या कथेची नायिका करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

खुशाल करा. पारंपरिक गाण्याला कुणी एक कर्ता नसतो, त्यामुळे सुनेवर कुणाची मालकी नाही. हक्क असतो तो ध्वनिमुद्रणावर (भारतात प्रसिद्धीपासून ६० वर्षं), कुणी नव्याने जोडलेल्या कडव्यांवर, संग्राहकाच्या टिपांवर. म्हणून गाण्याचे तीन-चार पाठ, म्हणजे ठिकठिकाणची वेगवेगळी रूपं, शेजारी ठेवून वाचा. सगळीकडे आहे ते बिनधास्त घ्या; एकाच ठिकाणी सापडतं त्याची आधी चौकशी करा. जात्यावरच्या ओव्यांचं मात्र वेगळं: गाणारीचं नाव-गाव नोंदलेलं असेल तर ती ओवी तिची समजूनच वागावं.

खरी मेख पुढेच आहे. गाण्यातल्या सुनेला नाव नाही, वय नाही, चेहरा नाही. आहे ती एक विनवणी आणि दर कडव्याला लांबणारी अट: कोंब येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, मग सासऱ्याला विचार, दिराला विचार. उचलायची ती ही अट. बाकी बाई तुम्ही घडवायची.

अट खरी वाटायला वेलाचा हिशेब पक्का हवा. नागपंचमीला बी टोचलं तर आठवडाभरात कोंब, सव्वा महिन्याच्या पुढेमागे फुलं, पंचावन्न-साठ दिवसांनी पहिली कारली. म्हणजे (मध्ये अधिक महिना नसेल तर) थेट नवरात्र, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचे दिवस! त्यातही पहिली फुलं नराची येतात, त्यांना फळ धरत नाही. 'फूल आलं हो सासूबाई' म्हणणारी सून इथे फसू शकते. असा पेच कल्पनेने सहसा सुचत नाही.

बिघडतं बहुधा सासूपाशी. तिला खलनायिका केलं की गोष्ट मालिकेसारखी होते. गाण्यातली सासू टोलवते, कारण परवानगी तिच्याही हातात नाही. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक प्रकरणावर एकेक कडवं छापणं. वाचकाला क्रम पाठ असतो, तो तुमच्या पुढे धावतो. पहिली ओळ एकदाच येऊ द्या.

शेवट पाठागणिक बदलतो. 'आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणीला माहेरा' हा घेतलात, तर राणी माहेरी पोचली का, तिथे दार कुणी उघडलं, हे गाण्यात नाही. कथा तिथूनही सुरू करता येईल.