पहाटे झटका मशीन का बंद पडतं? सोलर चार्ज कंट्रोलरविषयी शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

भात पोटरीला आलं की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलालगतच्या गावांतून प्रश्न यायला लागतात. जांबोटीकडच्या एका शेतकऱ्यांनी लिहिलंय, ते जसंच्या तसं देतो: "साहेब, कुंपणाचं झटका मशीन पहाटे चारच्या सुमाराला बंद पडत होतं. सकाळी जाऊन बघतो तर डुकरं भात लोळवून गेलेली. मिस्त्रीनं सांगितलं म्हणून मशीन कंट्रोलरवरनं काढलो आणि थेट बॅटरीला जोडलो. दोन महिने बरं चाललं. आता बॅटरीच भरत नाही. कंट्रोलर बदलू की बॅटरी?" त्यांची सोलर प्लेट ४० वॅटची, कंट्रोलर १० अँपिअरचा आणि बॅटरी ट्रॅक्टरमधून काढलेली जुनी.

दादा, तुमचा कंट्रोलर, म्हणजे प्लेट, बॅटरी आणि मशीन यांच्या मध्ये बसून बॅटरीचं भरणं-उतरणं सांभाळणारी पेटी, चांगला आहे. तो रोज पहाटे तुम्हाला एक गोष्ट सांगत होता, ती ऐकायची राहिली. बॅटरी उतरत उतरत ११ व्होल्टच्या आसपास आली की कंट्रोलर मशीनची वाट बंद करतो आणि सकाळी बॅटरी पुन्हा साडेबाराच्या वर चढली की उघडतो. हा बिघाड नाही, बॅटरी वाचवण्यासाठी केलेली सोय आहे. मशीन थेट जोडल्यावर अडवणारं कोणी राहिलं नाही. मशीन ११ च्या खालीही बॅटरी ओढत राहिलं. शिशाची बॅटरी अशी रिकामी, अर्धपोटी राहिली की तिच्या आतल्या प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर धरतो आणि मग कितीही ऊन पडलं तरी ती पूर्ण भरत नाही. त्यात तुमची बॅटरी ट्रॅक्टरची. स्टार्टर फिरवायला क्षणभर मोठा करंट द्यायचा, एवढ्यासाठी ती बनवलेली असते. तिच्या प्लेटा पातळ असतात. रात्रभर थोडं थोडं देत राहणं हे तिचं कामच नाही. म्हणून बॅटरी बदला, आणि बदलताना सोलरसाठीची ट्यूब्युलर, म्हणजे रोज उतरून पुन्हा भरायला बनवलेली बॅटरी घ्या.

पण नुसती बॅटरी बदलून भागणार नाही, कारण मूळ अडचण हिशेबाची आहे. मशीनच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलंय ते बघा. समजा अर्धा अँपिअर आहे. चोवीस तास चालवलं तर १२ अँपिअर-तास लागतात. ४० वॅटची प्लेट भर उन्हात सव्वादोन अँपिअरच्या आसपास देते, म्हणजे पाच तास कडक ऊन मिळालं तरी ११. स्वच्छ उन्हाच्या दिवशीसुद्धा तूटच आहे, मग खानापूरच्या पावसात काय होणार? डुकरं रात्रीच येत असतील तर मशीन संध्याकाळी सहा ते सकाळी सहा चालवा, खर्च निम्म्यावर, ६ अँपिअर-तासांवर येईल. प्लेट १०० वॅटची घ्या, ती साडेपाच अँपिअर देते. ढगाळ दिवशी फक्त तासाभराचं ऊन जमेला धरा, तरी रात्रीचा खर्च जवळजवळ निघतो. बॅटरी ६० अँपिअर-तासांची घ्या आणि त्यातली निम्मीच आपली समजा. ती निम्मी, म्हणजे ३०, सलग पाच रात्री पुरते. आषाढात ऊन न दिसता पाच दिवस जाणं आपल्याकडे नवीन नाही, म्हणून या बाबतीत हात आखडू नका. कंट्रोलर १० अँपिअरचा आहे तोच ठेवा. प्लेटच्या मागे लिहिलेल्या शॉर्ट सर्किट करंटपेक्षा कंट्रोलर सव्वापट मोठा असला की झालं.

आता जोडणी. सर्वांत आधी बॅटरी जोडायची, मग प्लेट, आणि शेवटी मशीन. काढताना बरोबर उलट: मशीन, प्लेट, बॅटरी. कंट्रोलरला आपण १२ व्होल्टवर आहोत की २४ व्होल्टवर, हे बॅटरीकडूनच कळतं. आधी प्लेट जोडली तर तिचे मोकळे, म्हणजे काहीच भार नसतानाचे, २१-२२ व्होल्ट बॅटरीचा आधार नसताना आत शिरतात. काही कंट्रोलर तिथेच जळतात, काही स्वतःला २४ व्होल्टचे समजून बसतात आणि मग १२ ची बॅटरी कधीच भरली असं दाखवत नाहीत. प्लेट जोडेपर्यंत तिच्यावर पोतं टाकून ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा. माझ्या हातून एकदा पाना दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला होता. क्षणात लालबुंद झाला. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण बॅटरीत हात भाजण्याइतका करंट नक्की असतो.

वायरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण दहातल्या आठ ठिकाणी चूक मला इथेच सापडते. कंट्रोलर प्लेटखाली खांबावर लावलेला असतो आणि बॅटरी लांब शेतघरात. हे उलट हवं. कंट्रोलर बॅटरीपासून हात-दीड हातावर, एकाच खोलीत असू द्या. लांब वायर टाकावी लागली तर ती प्लेट आणि कंट्रोलरच्या मध्ये. कारण असं की प्लेटकडे तीन-चार व्होल्ट जास्तीचे असतात, त्यातला एखादा वायरीत गेला तरी चालतो. कंट्रोलर आणि बॅटरीच्या मध्ये मात्र पाव व्होल्टाची चूकसुद्धा महाग पडते, कंट्रोलरला बॅटरी भरली असं वाटतं आणि बॅटरी उपाशी राहते. अडीच एमएमची वायर दहा मीटर टाकली, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, तर दहा अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वायरीतच जातो. सहा एमएमची घेतली तर अर्ध्या व्होल्टाच्या थोडं वर. वायरीचं टोक नुसतं पिळून स्क्रूखाली दाबू नका, लग, म्हणजे टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबून बसवा.

कंट्रोलर भिंतीवर उभा लावा, वर-खाली हवा खेळायला वीतभर जागा सोडा. बॅटरीच्या बरोबर वर नको, चार्ज होताना बॅटरीतून निघणारा वायू आणि आम्लाची वाफ त्याला खाते. त्याच खोलीत युरियाची पोती आणि औषधांचे डबे असतील तर ते तरी हलवा, नाहीतर कंट्रोलर तरी. वर्षभरात टर्मिनल हिरवी पडलेली मी बघितली आहेत. वायर आत जाते ती भोकं बुजवून घ्या, मुंग्या आणि पाली उबेला येऊन बसतात.

प्लेट दक्षिणेकडे तोंड करून. आपला भाग साधारण १६ अंश अक्षांशावर, म्हणून तिरपही १५-१६ अंशांचीच. थोडी जास्त दिली तर पावसानं आपोआप धुतली जाते. प्लेटच्या कोपऱ्यावर सकाळ-संध्याकाळ आंब्याची सावली येत असेल तर दुर्लक्ष करू नका, एवढीशी सावली पूर्ण प्लेटचा जोर घालवते.

कुंपणाचं अर्थिंग वेगळं, घराच्या अर्थिंगपासून निदान दहा मीटर दूर. पावसाळ्यात तारेला गवत टेकलं की झटका तिथेच जमिनीत मुरतो, मग मशीन आणि बॅटरी दोन्ही ठीक असून डुकरं आत येतात. तारेखालचं गवत दर पंधरवड्याला काढा. आणि हात जोडून एक विनंती. बॅटरी उतरली म्हणून घरची लाइन किंवा मोटारीची फेज तारेत सोडू नका. झटका मशीन सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा झटका देतं, त्यानं जनावर बिचकून मागे फिरतं. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, लाइनचा करंट धरून ठेवतो. त्यानं गवा मरतो, शेजाऱ्याचा बैल मरतो, पहाटे पाणी पाजायला गेलेला आपलाच माणूस मरतो. भीमगड अभयारण्य आपल्याच तालुक्यात आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा गुन्हा लागतो तो वेगळा. एका रात्रीचं भात गेलं तर जाऊ द्या.

दुसरा प्रश्न निपाणी भागातला. "२५० वॅटची प्लेट स्वस्तात मिळाली. दुकानदार म्हणाला कंट्रोलर एमपीपीटी आहे. पण ४० वॅटच्या दोन प्लेटांइतकीसुद्धा बॅटरी भरत नाही असं वाटतंय."

असं वाटणं साहजिक आहे. ही ६० सेलची प्लेट ३० व्होल्टच्या आसपास चालते. साधा, म्हणजे पीडब्ल्यूएम कंट्रोलर तिला ओढून बॅटरीच्या व्होल्टवर, तेरा-साडेतेरावर आणतो. करंट मात्र प्लेटचा आठ अँपिअरच राहतो. आठ गुणिले साडेतेरा म्हणजे ११० वॅटच्या आत-बाहेर, निम्म्याहून जास्त वीज वाया. खरा एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टाचं करंटमध्ये रूपांतर करतो, तो याच प्लेटमधून १६-१७ अँपिअर काढील. तुमच्याकडे कोणता आहे ते घरीच बघा. सकाळी दहा-अकराला, बॅटरी अजून भरत असताना, कंट्रोलरच्या प्लेटकडच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. तिथे बॅटरीच्या जवळपासचाच आकडा दिसला तर आत पीडब्ल्यूएम आहे, डब्यावर काहीही छापलेलं असो. २७-३० दिसले तर एमपीपीटी. बॅटरी भरल्यावर ही परीक्षा करू नका, तेव्हा आकडे फसवतात. खरा एमपीपीटी घेणार असाल तर २० अँपिअरचा घ्या आणि तो किती व्होल्टपर्यंत सोसतो ते बघा. या प्लेटचे मोकळे व्होल्ट ३७-३८ असतात आणि थंडीच्या सकाळी आणखी वर जातात. मात्र १७ अँपिअर ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ढकलू नका. बॅटरीच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाइतका करंट तिला मानवतो. या प्लेटला १५० ची बॅटरी शोभेल.

सदलग्याकडून उसातल्या हुमणीसाठी लावलेल्या प्रकाश सापळ्याबद्दल विचारलंय: दिवा रात्रभर जळतो आणि दुसऱ्या रात्री बॅटरी संपते. रात्रभर लावायची गरजच नाही. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की भुंगेरे दिवस मावळताच जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. अंधार पडल्यापासून दहापर्यंत दिवा पुरे. पुढे लावून ठेवला तर आपल्या कामाचे कीटकच जास्त मरतात. कंट्रोलरमध्ये अंधार पडल्यावर इतके तास अशी सोय असते, ती तीनवर ठेवा. ९ वॅटचा दिवा तीन तासांत सव्वादोन अँपिअर-तास खातो, रात्रभर लावला तर साडेसात. अंधार पडला हे कंट्रोलरला प्लेटवरूनच कळतं, म्हणून सापळ्याचा उजेड प्लेटवर पडू देऊ नका, नाहीतर दिवा लागत-विझत राहतो. टबात पाणी आणि थोडं रॉकेल, आणि शिवारातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं. जांबोटीच्या दादांसारखं झटका मशीन याच कंट्रोलरवर असेल तर ही सोय वापरू नका, रात्री दहाला कुंपणही बंद पडेल. तशा काही तक्रारींचं मूळ हेच निघालं आहे.

अथणीकडच्या एका ताईंनी विचारलंय की शेतघरातल्या बॅटरीत दर पंधरा दिवसांनी पाणी का घालावं लागतं. ताई, कंट्रोलरमधला बॅटरीचा प्रकार आधी तपासा. हंडा भरताना तोंडाशी आल्यावर आपण धार बारीक करतो, तसं कंट्रोलर बॅटरीला १४.४ व्होल्टपर्यंत नेतो, तिथे काही वेळ धरतो आणि मग १३.६-१३.८ वर उतरून नुसती भरलेली राखतो. सेटिंग चुकलं की बॅटरी उकळत राहते आणि पाणी उडतं. तुमच्याकडे ऊनही जास्त. उष्णतेत भरायचे व्होल्ट अंशामागे ०.०२ ते ०.०३ कमी करावे लागतात, कंट्रोलर ते स्वतः करतो, पण स्वतःच्या जागेचं तापमान मोजून. कंट्रोलर गार खोलीत आणि बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये असेल तर त्याचा अंदाज चुकतो. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला, बोअरचं नको, आणि बॅटरी भरल्यावर खुणेपर्यंतच. जेल किंवा लिथियम बॅटरी असेल तर तिचं सेटिंग वेगळं, ट्यूब्युलरवर ठेवून चालवू नका.

सोलर पंपाला चार्ज कंट्रोलर लावायचा का, असं तिघांनी विचारलंय. नको. त्या पंपाला बॅटरीच नसते, ऊन असेल तेव्हा पाणी उपसून टाकीत साठवायचं. त्याच्या पेटीलाही कंट्रोलर म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

पुढचा प्रश्न पाठवताना एवढं लिहा: ऊन पडण्याआधी पहाटे बॅटरी किती व्होल्ट दाखवते, दुपारी दोनला किती, आणि प्लेटच्या मागच्या पाटीचा फोटो. पहाटे १२.२ च्या वर असेल तर घाबरायचं कारण नाही. ११.८ च्या खाली असेल तर उत्तराची वाट न बघता त्याच रात्रीपासून एखादा दिवा कमी करा आणि बॅटरीला दोन-तीन दिवस पूर्ण भरू द्या.