पगारापर्यंत घेतलेले कर्ज फेडता येत नसेल तर

परतफेडीची तारीख उलटण्याआधीच कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा, कारण त्यानंतर दंड लागतो आणि खात्यातून परस्पर वसुलीचे प्रयत्न सुरू होतात. फोनवर बोलणे झालेच, तर ठरलेले त्याच दिवशी ईमेलने पाठवा.

मुदतवाढ मात्र कृपया घेऊ नका. दोन आठवड्यांना १५ टक्के शुल्क असेल, तर १०,००० च्या कर्जाची मुदत चार वेळा वाढवताना ६,००० खिशातून जातात आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. म्हणून यापुढचे व्याज व दंड थांबवून उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून द्यावेत, अशी स्पष्ट मागणी करा.

हप्त्याचा आकडा घरभाडे, किराणा, वीज, औषधे आणि इतर देणी वजा जाता खरोखर जे उरते त्यावरूनच ठरवा आणि हा जमाखर्च पत्रासोबत जोडा. वसुलीवाल्याच्या दटावणीला घाबरून माणूस न झेपणारी रक्कम कबूल करतो, आणि दुसराच हप्ता चुकला की सगळी बोलणी फिसकटतात. अटी लेखी हाती आल्याशिवाय काहीही पक्के समजू नका. खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी दिली असेल, तर ती बँकेत लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि अर्जाची पोच घ्या.