ब्राउझर चालतो, पण ग्रेडल अडते: प्रॉक्सी आणि जावाचे प्रमाणपत्र

ग्रेडल या जावा प्रकल्पांची बांधणी (बिल्ड) करणाऱ्या साधनाच्या ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ या सेटिंग फाइलमध्ये प्रॉक्सीचा, म्हणजे कंपनीची इंटरनेट वाहतूक ज्यातून जाते त्या मध्यस्थ सर्व्हरचा, होस्ट आणि पोर्ट देऊनही बिल्ड ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ म्हणत थांबतो, ब्राउझरमध्ये मात्र मेवन सेंट्रल हे जावा लायब्ररींचे सार्वजनिक भांडार व्यवस्थित उघडते, असे आपण लिहिले आहे. याच त्रासातून मी गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पत्ता चुकला असता तर जोडणीच झाली नसती. येथे जोडणी होते, पण समोरून आलेल्या प्रमाणपत्रावर जावाचा विश्वास नाही. अनेक कंपन्यांचा प्रॉक्सी एचटीटीपीएस वाहतूक मध्येच उघडून तपासतो आणि स्वतःचे प्रमाणपत्र लावून पुढे पाठवतो. त्याचे रूट प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे बाकीची प्रमाणपत्रे पडताळली जातात ते) विंडोजमध्ये आधीच बसवलेले असल्याने ब्राउझर तक्रार करत नाही. जावा मात्र विश्वासार्ह प्रमाणपत्रांची स्वतःची ‘केसर्ट्स’ ही फाइल पाहते. ब्राउझरमध्ये प्रमाणपत्र उघडून पाहा. ‘जारी करणारा’ या ठिकाणी आपल्या कंपनीचे नाव दिसले, तर निदान पक्के समजा.

माझा सर्वाधिक वेळ खाल्ला तो तेव्हाच्या कार्यालयातील आयटी कक्षाने. ‘साइट ब्राउझरमध्ये उघडते’ एवढ्या कारणावर तिकीट पुन्हा पुन्हा बंद होत असे. त्यांना ग्रेडल कळावे अशी अपेक्षा नाही, पण आपणच बसवलेल्या यंत्रणेचे प्रमाणपत्र मागितल्यावर देणे हे त्यांचेच काम आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून ‘बिल्ड चालत नाही’ असे न लिहिता ‘टीएलएस तपासणीचे (म्हणजे एचटीटीपीएस वाहतूक उघडून तपासण्याचे) रूट प्रमाणपत्र बेस-६४ या मजकूर-स्वरूपात हवे’ असे नेमके मागा.

ते मिळाले की कीटूल या जावाच्या प्रमाणपत्र-साधनाने थेट जेडीकेच्या (जावाच्या विकास-संचाच्या) केसर्ट्समध्ये घालू नका, कारण नवी जेडीके बसवली की ते हरवते. केसर्ट्स फाइलची प्रत करून तिच्यात घाला आणि ग्रेडलला ट्रस्टस्टोअर (विश्वासार्ह प्रमाणपत्रांची फाइल) म्हणून तिचा मार्ग द्या. नंतर ‘ग्रेडल --स्टॉप’ जरूर चालवा, नाहीतर ग्रेडलचा पार्श्वभूमीत चालणारा जुना डिमन जुन्याच सेटिंगवर चालत राहील. प्रमाणपत्र-तपासणीच बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर कृपया ऐकू नका. साध्या एचटीटीपीवर उतरण्याचा मार्ग तर मेवन सेंट्रलने जानेवारी २०२० मध्येच बंद केला आहे.

यापुढे रॅपर (ठरलेली ग्रेडल आवृत्ती आपोआप आणणारी स्क्रिप्ट) ग्रेडल डाउनलोड करताना ४०७, म्हणजे प्रॉक्सीने लॉगिन मागितल्याचा एरर, आला, तर कारण वेगळे असेल: जावा ८च्या १११व्या अपडेटपासून एचटीटीपीएस टनेलसाठी (प्रॉक्सीतून जाणाऱ्या एचटीटीपीएस जोडणीसाठी) प्रॉक्सीचे बेसिक, म्हणजे साधे नाव-पासवर्डचे, लॉगिन मुळातच बंद असते. ते चालू करण्यापूर्वी सुरक्षा विभागाची परवानगी घ्या, कारण प्रत्येक कंपनीचे धोरण निराळे असते. वापरकर्त्याच्या नावाआधी डोमेन आणि उलटा स्लॅश असेल, तर प्रॉपर्टीज फाइलमध्ये तो स्लॅश दोनदा लिहावा लागतो.