चोरांची जमात आणि अर्ध्यातून उठून गेलेला मित्र

प्रश्न: ताई, आम्ही पाच जण पुण्यात दर दुसऱ्या रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ खेळतो, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी असतो. या वेळी तयार अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे छापील कथा, न घेता मी स्वतःचं जग लिहिलं, त्यात पालं टाकून राहणारी एक भटकी जमात होती आणि त्यांचं पोर जन्मतःच चोरीत तरबेज असतं असं दाखवलं. सगळे हसत होते, पण एक मित्र गप्प झाला आणि अर्ध्यातून उठून गेला. रात्री त्याने ग्रुपवर एवढंच लिहिलं, "माझ्या आजोबांना रोज पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची." बाकीचे म्हणतात गेमच आहे, एवढं काय त्यात. मला खूप वाईट वाटतंय, पण भीतीपण वाटते, असं प्रत्येक गोष्टीला घाबरायचं म्हटलं तर आम्ही नुसते गॉब्लिन राक्षसच मारत बसायचं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आधी त्याला फोन कर, मेसेज नको. "मला माहीत नव्हतं, पण मी लिहिलं ते चुकलं" एवढं म्हण आणि थांब. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे अजिबात म्हणू नकोस, त्यात चूक त्याच्या वाटण्याची होते. आणि त्याच्याकडून इतिहासाचा क्लास पण मागू नकोस, तो मी थोडक्यात सांगते.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, नावं रजिस्टरात, रोजची हजेरी, गाव सोडायलाही परवानगी घ्यायची, सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून या जमातींना आपण विमुक्त म्हणतो, पण गावात चोरी झाली की पोलीस आधी त्याच पालांवर जातात हे आजही चालू आहे. तू जे फॅन्टसी म्हणून लिहिलंस ते त्याच्या घरी सरकारी कागदावर लिहिलेलं होतं रे.

आणि यात तू एकटा नाहीस, हा खेळ काढणाऱ्या कंपनीनेच हे केलंय. कर्स ऑफ स्ट्राड या २०१६ च्या अ‍ॅडव्हेंचरमध्ये विस्तानी नावाचे भटके लोक आहेत, युरोपातल्या रोमा लोकांबद्दलचे सगळे जुने गैरसमज घेऊन बनवलेले, दारू, लबाडी, शाप वगैरे. रोमा लोकांवर तिकडे शतकानुशतकं जे झालं ते आपल्या भटक्यांच्या गोष्टीपासून फार लांब नाही. खूप टीका झाली, २०२० मध्ये कंपनीने चूक मान्य केली आणि मजकूर बदलला. त्यातला खलनायक, व्हॅम्पायर स्ट्राड, तसाच भयानक राहिला, किल्ला तसाच राहिला, भीती कुठेही कमी झाली नाही, हे नीट लक्षात घे कारण तुझी खरी भीती तीच आहे.

आता गॉब्लिनवाला प्रश्न. घाबरून सगळं गुळगुळीत करायचा प्रयोगपण झालेला आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत हा खेळ सैतानाचा आहे म्हणून मोठी ओरड झाली, तर १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तेव्हाच्या कंपनीने डेमन आणि डेव्हिल हे शब्दच काढून टाकले, नंतर त्यांना टनारी आणि बाटेझू अशी नवी नावं दिली. फायदा कुणाचा झाला? टेबलावरच्या कुणालाच त्या शब्दांचा त्रास नव्हता, ओरडणारे तर खेळतच नव्हते. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जुने शब्द परत आले.

उलट उदाहरण व्हॅम्पायर द मास्करेड या दुसऱ्या अशाच खेळाचं. २०१८ च्या एका पुस्तकात रशियातल्या चेचन्यामध्ये समलिंगी पुरुषांचा जो छळ चालला होता, खरा, त्याच काळातला, तो व्हॅम्पायर लोकांचा डाव म्हणून दाखवला. लोक तिकडे कोठडीत असताना. प्रकाशकाने माफी मागून तो भाग काढला. अंधाऱ्या विषयाला हात घालायला माझी काहीच हरकत नाही, अंधार तर या खेळाचा जीव आहे, पण जिवंत माणसाचं दुःख आपल्या कथेला चटका यावा म्हणून वापरलं की मला ते धाडस वाटत नाही, ते आळशी लिखाण वाटतं.

बरं, कधीकधी काहीच चुकीचं लिहिलेलं नसतं तरी लागतं. मी एकदा नदीत वाहून गेलेल्या मुलाचा शोध असं साधं सेशन घेतलं होतं, एक मैत्रीण पाणी प्यायला म्हणून उठली ती अर्धा तास आलीच नाही. तिचा भाऊ विहिरीत गेला होता, मला कसं कळणार? विचारलं असतं तर कळलं असतं. तेव्हापासून मी सेशन झीरोशिवाय, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीशिवाय, नवी कथा सुरूच करत नाही. तासभर बसायचं, कुठला विषय अजिबात नको आणि कुठला असला तरी पडद्याआड ठेवायचा हे प्रत्येकाने सांगायचं, कारण द्यायची गरज नाही, आणि हवं तर डीएमला एकट्याला कळवायचं कारण चारचौघात सगळे "मला काही पण चालेल" म्हणतात. टेबलावर एक्स काढलेलं एक कार्ड ठेवायचं, कुणी हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. कार्डाची ही पद्धत जॉन स्टाव्रोपोलोस यांनी आणली, आणि माझा अनुभव असा की कार्ड असलं की लोक जास्त खोल पाण्यात उतरतात, कारण बाहेर यायची वाट माहीत असते.

आता तुझी जमात. मी असते तर ती काढली नसती, पण चोर हा शब्द त्यांच्या रक्तातून काढून राजाच्या दफ्तरात टाकला असता. म्हणजे बघ, पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांची टोळी, चोर पकडायला येते, पालावर पोचते, आणि तिथे दारोगा हजेरी घेतोय, पाच वर्षांच्या मुलीचं नाव पुकारतोय, तिने अजून काही केलेलंच नाही. आणि खजिना दुसऱ्याच कुणीतरी नेलाय. रजिस्टर जाळायचं, चोरायचं की दरबारात वाचून दाखवायचं हे खेळणाऱ्यांनी ठरवावं. तुझ्या पहिल्या कथेपेक्षा यात जोखीम कितीतरी जास्त आहे.

फक्त हे लगेच पुढच्या रविवारी टेबलावर आणू नकोस. मित्राला आधी एकट्याला विचार, हा विषय खेळात हवाय का. तो नको म्हणाला तर कागद बाजूला ठेव आणि दुसरं काहीतरी लिही. आणि "एवढं काय त्यात" म्हणणाऱ्या बाकीच्या तिघांशी तू बोल, डीएम तू आहेस, ते काम त्याच्यावर पडू देऊ नकोस.