ट्रॅक्टरचा ऑइल फिल्टर हाताने सुटत नाही, साखळीवाला ग्रिप प्लायर घ्यावा का?

घ्या, कामाची वस्तू आहे. पण साखळी फिल्टरच्या मधोमध आवळू नका. तिथला पत्रा पातळ असतो. डबा चेपतो आणि फिल्टर जागचा हलत नाही. इंजिनाला लागून, बुडाशी साखळी गुंडाळा, कडी जबड्याच्या खाचेत अडकवा आणि मुठीच्या टोकाचा स्क्रू फिरवून ताण जुळवा. मूठ दाबताना जरा जोर लागून 'खट्' झालं की पकड बसली. मग घड्याळाच्या उलट दिशेने, झटका न देता फिरवा. मी एकदा मुठीत पाइप घालून जोर लावला होता. साखळी निसटली आणि बोटांची सालटी निघाली. तसं अजिबात करू नका.

घेताना साखळीची लांबी बघा, फिल्टरला वेढा घालून दोन-चार कड्या उरल्या पाहिजेत. पीव्हीसी पाइप किंवा क्रोमच्या नळाला मात्र ही साखळी नको, वळ उठतात. तिथे पट्ट्याचा पाना बरा.

आणि नवा फिल्टर प्लायरने कधीच आवळायचा नाही. जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना बघा, नव्या रबराला तेलाचं बोट लावा, रबर टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा द्या.