पर्णरंध्र उघडायला ऊर्जा येते कुठून? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींत हरितलवकं असतात. मग रंध्र उघडण्याची ऊर्जा त्या स्वतःच प्रकाशातून मिळवत असतील ना?

थोडीफार मिळवतात, पण त्यावर त्यांचं भागत नाही. पानाच्या आतल्या हिरव्या पेशींच्या मानाने त्यांच्यात हरितलवकं कमी आणि लहान असतात, तंतुकणिका (शर्करेतून ऊर्जा काढणारी पेशीतली अंगं) मात्र भरपूर. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत २०२२ साली दिसलं, की रक्षक पेशीतलं हरितलवक उलट पेशीद्रवातूनच एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) आत घेतं. पॅफिओपेडिलम या ऑर्किडच्या रक्षक पेशींत तर हरितद्रव्यच नसतं, तरी रंध्रं उघडतात.

एटीपीचा मोठा खर्च पेशीपटलावरच्या प्रोटॉन पंपावर होतो. निळा प्रकाश पडला की हा पंप सुरू होतो आणि साधारण एका एटीपीमागे एक प्रोटॉन बाहेर टाकतो. त्यामुळे पेशीची आतली बाजू आणखी ऋणभारित होते, पोटॅशियम आत ओढलं जातं, मॅलेट (एका सेंद्रिय आम्लाचा ऋणभारित कण) आणि क्लोराइड भाराचा तोल सांभाळतात. मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगते आणि फट रुंदावते. हे सगळं चालवणारं इंधन म्हणजे शर्करा. पूर्ण वाढलेल्या रक्षक पेशीला शेजारच्या पेशींशी जोडणारे जीवद्रव्याचे धागे नसतात, म्हणून ती शर्करा पेशीभित्तीतल्या पाण्यातून वाहक प्रथिनांमार्फत आत घ्यावी लागते.

प्रश्न : पानात स्टार्च दिवसा साठतो, असं शिकलो. पण आयोडीन लावल्यावर रक्षक पेशींत उजाडण्यापूर्वीच काळे ठिपके जास्त दिसले. काय चुकलं?

काहीच चुकलं नाही, निरीक्षण उत्तम आहे! आतल्या पेशींचा स्टार्च रात्रभर खर्च होतो, रक्षक पेशींचा मात्र पहाटेपर्यंत शिल्लक राहतो. अरॅबिडॉप्सिसमध्ये उजेड पडल्यावर पहिल्या तासाभरात तो झपाट्याने तुटतो. त्यातून फक्त मॅलेट बनतं, असं पूर्वी मानत. आता ग्लुकोज मिळणं महत्त्वाचं दिसतं, त्यानेच रंध्र लवकर उघडतं. नंतर दिवसा स्टार्च पुन्हा साठू लागतो, म्हणून दुसरा नमुना दुपारी नको, उजाडल्यावर तासाभराने घ्या. कांद्याचं पान यासाठी घेऊ नका, त्याच्या रक्षक पेशींत स्टार्च नसतो.

प्रश्न : केन्याच्या पानाच्या खालच्या बाजूचा पापुद्रा नळाच्या पाण्यात ठेवला. तीन तास उजेड देऊनही रंध्रं बंदच. का?

नळाच्या पाण्यात पोटॅशियम अगदी कमी असतं आणि कॅल्शियम असतं. कॅल्शियम रंध्र उघडू देत नाही. ऊर्ध्वपातित पाण्याच्या एका लिटरमध्ये ३.७३ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड (५० मिलिमोलर) आणि पीएच स्थिर ठेवणारं १.९५ ग्रॅम एमईएस (१० मिलिमोलर) विरघळवा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत पीएच ६.१ वर आणा.

पापुद्रे उथळ बशीत, एकावर एक न येऊ देता तरंगत ठेवा. खोल भांड्यात गर्दी झाली की ऑक्सिजन कमी पडतो आणि तंतुकणिका मंदावतात. ही चूक फार जणांकडून होते, आणि दोष मात्र उजेडाला दिला जातो.

तरीही फट दिसली नाही, तर पेशी जिवंत आहेत का ते पाहा. न्यूट्रल रेड या रंगाच्या पातळ द्रावणात जिवंत रक्षक पेशींची रिक्तिका लाल होते, मेलेल्यांची होत नाही.

प्रश्न : बंद होतानाही एवढीच ऊर्जा लागते का?

नाही. पंप थांबतो, ऋणायनांच्या (ऋणभारित कणांच्या) वाहिन्या उघडतात, आणि क्लोराइड, मॅलेट व पोटॅशियम उतारानेच बाहेर पडतात. एटीपी लागतो तो मुख्यतः संदेश पोहोचवणाऱ्या कायनेज प्रथिनांना.